उसवणारं पान

वाचनालयातलं ते जाडजूड प्रेमाचं पुस्तक तिसऱ्यांदा माझ्याकडे बांधणीला आलं, तेव्हा माझं डोकंच फिरलं. शिवण माझी, खळ माझी, आणि पुस्तक दर वेळी त्याच एका पानावर उसवतं म्हणजे काय? कॉलेजातल्या पोरी ते पान इतक्यांदा उघडतात, की दोऱ्यानेही हात टेकावेत.

"चुंबनबिंबन असणार," मी बायकोला म्हणालो. ती शेजारी बसून छापील कागदांना घड्या घालत होती. "नाहीतर तो मोटरसायकलवरून येत असेल, केस उडवत."

"वाचून बघा की," ती म्हणाली.

चष्मा चढवून वाचलं. नायक देखणा आहे की श्रीमंत, याचा त्या पानावर पत्ताच नव्हता. तो तिला फक्त विचारतो, "काल तू काहीतरी सांगत होतीस, तेवढ्यात बस आली. पुढे काय झालं?"

बस्स. एवढ्यावर पोरी जीव टाकतात आणि माझी शिवण जाते.

सुई ओवली आणि थांबलो. सकाळी चहा पिताना बायको तिच्या बहिणीचं काहीतरी सांगत होती आणि मी 'नंतर, नंतर' करत उठलो होतो.

"अगं, सकाळी तू काहीतरी सांगत होतीस," मी म्हणालो. "पुढे काय झालं?"

तिने हातातला कागद खाली ठेवला.

"आजचं सांगू," तिने विचारलं, "की आजवरचं?"