गाजावाजा न करता सुटलेला ढग

सकाळी साडेनऊला सूर्यावर लखकन ज्वाला उठली आणि बाई खोलीत अडकल्या. वेधशाळेचा नियमच तसा: ज्यानं ज्वाला नोंदवली, त्यानंच तिच्यामागून सूर्यावरून तापल्या वायूचा ढग सुटला की नाही ते बघायचं. उपग्रहाची चित्रं येईस्तोवर खुर्ची सोडायची नाही. खोलीला खिडकी नाही. सूर्य दिसतो तो पडद्यावर.

समोर वीजकंपनीचा अभियंता ठाण मांडून बसला होता.

"एवढी मोठी ज्वाला, म्हणजे ढग येणारच ना बाई?"

"लखलखाटाला भुलू नका. उजेड आठ मिनिटांत पोचतो, तुमच्या तारांना धक्का देतो तो ढग. त्याला दोन-तीन दिवस लागतात. आणि दरवेळी सुटतोच असं नाही."

"म्हणजे तुमच्या लेकीसारखं! रोज म्हणते, निघाले."

बाईंना हसू आलं. लेकीला परगावी नोकरी लागली होती आणि बाई काही हो म्हणेनात. तीन आठवडे रोज सकाळी कपाटं आपटायची, "मी चाललेच!" व्हायचं. संध्याकाळी तीच पोर निमूट ताटावर.

आज मात्र आपटाआपटी नव्हती. तिनं चहा घेतला, कप विसळला, आईच्या चपला सरळ करून ठेवल्या. आली एकदाची ताळ्यावर, म्हणून बाई खुशीत निघाल्या होत्या.

अकराला चित्रं आली. ज्वालेच्या जागी काही नाही, फुसका बार. पण सूर्याच्या मधोमध आठवडाभर गुमान पडून असलेला थंड वायूचा काळा धागा नाहीसा झाला होता, आणि सूर्याभोवती चहूबाजूंनी ढगाचं कडं फुगत होतं. म्हणजे रोख थेट आपल्याकडे.

"हा कुठून उपटला? तिथं तर काही चमकलंच नाही!" अभियंता म्हणाला.

बाईंना सकाळचा कप आठवला. जन्मात कधी कप विसळला नव्हता त्या पोरीनं.

त्या उठल्या. पुन्हा बसल्या. इशारा लिहायचा होता, अभियंता डोळे लावून बसला होता. लेकीला लावलेला फोन खांद्यात धरून त्या लिहू लागल्या.

"आई, गाडीत आहे. सुटून तास झाला. तू ओरडशील म्हणून..."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. एकदा सुटलेल्याला कोण माघारी बोलावणार?

"काही खाल्लंस का?"

"आई?"

"परवाच्या आत पोचल्याचा फोन कर. ढग येतोय. मग सिग्नलचा काही भरवसा नाही."

मोबाईलला त्या ढगाचं फारसं सोयरसुतक नसतं, हे लेकीला लहानपणापासून पाठ होतं.

"करते," ती म्हणाली. "आजच करते."

बाईंनी इशाऱ्याखाली सही केली.