तिसऱ्या पर्वात काही नाही

रविवारी दुपारी अडीचला रेडिओ लावावा की नाही, यावरून कालिंदी आणि श्यामराव यांच्यात पहिल्या दोन आठवड्यांत थोडी बोलाचाली झाली. मग दोघंही कंटाळली. श्यामराव जेवण झालं की पेपर तोंडावर घेऊन आतल्या खोलीत आडवे होत. कालिंदी खरकटी काढून, ओटा पुसून बाहेरच्या खोलीत येई आणि रेडिओचं बटण फिरवी. तेवढ्यात जिन्यावर घरमालक सान्यालबाबूंची चप्पल वाजायची.

‘अचेना दरजा’, म्हणजे अनोळखी दार, असं त्या बंगाली मालिकेचं नाव. वर्षातून एकदा तिचं नवं पर्व लागायचं. प्रत्येक पर्वात गुन्हा नवा, गाव नवं, माणसं नवी, तपास करणाराही नवा. पहिल्या पर्वात चहाच्या मळ्यावरच्या मॅनेजरचा खून झाला होता, आणि त्या एका खुनाने कलकत्त्यातल्या सगळ्या बालीगंजला तीन महिने दुसरा विषय सुचू दिला नव्हता. श्यामरावांच्या बँकेत सोमवारी सकाळी काउंटर उघडायच्या आधी त्याचीच चर्चा असे.

नागपूरहून बदली होऊन ही दोघं कलकत्त्याला आली, त्याच हिवाळ्यातली ही गोष्ट. सान्यालबाबूंच्या घराचा वरचा मजला त्यांना मिळाला होता. कालिंदीला तेव्हा बंगाली ओ की ठो कळत नव्हतं. भाजीवाल्याशीही ती बोटं दाखवून बोलायची. सान्यालबाबूंचे धाकटे भाऊ नीरेन, ज्यांना सगळे नीरेनदा म्हणत, खालीच राहायचे. वय पंचेचाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, जवळच्याच शाळेत भूगोल शिकवायचे. बंगाली रीतीप्रमाणे ते कालिंदीला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणायचे. एका रविवारी त्यांनी जिन्यातून हाक मारली, “बौदी, खाली या. खून ऐकत ऐकत भाषा लवकर येते.”

आणि खरंच आली. नीरेनदांच्या खोलीत सगळे रेडिओभोवती बसायचे. सान्यालबाबू आरामखुर्चीत, त्यांची बायको, जिला कालिंदी माशीमा म्हणायची, ती सुपारी कातरत, आणि नीरेनदा कालिंदीच्या शेजारी, अवघड शब्द हळूच हिंदीत सांगत. तिसऱ्या-चौथ्या रविवारीच ते खुनी कोण ते सांगून टाकायचे आणि बहुधा चुकायचे. चुकले की सगळ्यांत जास्त आनंद त्यांनाच व्हायचा. दुसरं पर्व तागाच्या गिरणीतल्या दरोड्याचं होतं. ते पहिल्याइतकं रंगलं नाही असं सगळ्यांचं मत पडलं. “दुधात पाणी घातलंय, पण दूध आहे अजून,” असं नीरेनदा म्हणाले.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत नीरेनदांचा खून झाला.

शाळेत परीक्षा चालू होती. पोरं बाकावर सुरा ठेवून उघड पुस्तकं बघून लिहीत होती, आणि बाकीचे मास्तर खिडकीबाहेर बघत उभे राहत. नीरेनदांनी दोघांचे पेपर काढून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना गल्लीच्या तोंडाशी त्यांना भोसकलं. कालिंदी तेव्हा न्हाणीत होती. तिला ऐकू आलं ते एवढंच, की गल्लीतल्या खिडक्या धडाधड लागत गेल्या. ती ओल्या केसांनी बाहेर आली तोवर रस्त्यावर कुणी नव्हतं. फक्त नीरेनदा होते.

पोलीस आले, विचारून गेले. कुणी काही पाहिलं नव्हतं. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं की हे काम बुलूचं. बुलू चार घरं पलीकडे राहायचा. बावीस-तेवीस वर्षांचा, काळाकभिन्न, हसतमुख. त्याच्या धाकट्या भावाचा पेपर काढून घेतला होता. बुलू दोन महिने दिसेनासा झाला आणि मग उन्हाळ्यात परत आला. कुणी त्याला काही विचारलं नाही. तो पुन्हा पूर्वीच्याच कट्ट्यावर बसू लागला. सान्यालबाबू बाजारात जाताना त्याच्या समोरूनच जात.

माशीमांनी नीरेनदांच्या खोलीला कुलूप लावलं. रेडिओ आतच राहिला. तिसरं पर्व लागलं तेव्हा सान्यालबाबू पहिल्यांदा वर आले आणि दारात उभे राहून म्हणाले, “बौमा, तुम्ही लावणार असाल तर मी बसेन थोडा वेळ. खाली तिला आवाज सहन होत नाही.”

कालिंदीच्या मनातून खरं तर लावायचा नव्हता. खून, रक्त, पंचनामा यातलं काहीही तिला नको होतं. रोज पेपरात तेच, गल्लीत तेच. पाण्यासाठी खालून बादल्या आणाव्या लागत होत्या, गुडघा धरला होता, बदलीचा अर्ज वर्षभर कुठेतरी अडकला होता. रविवारची दुपार तिला झोपायला हवी होती. पण म्हातारा दारात उभा होता. तिने रेडिओ लावला.

त्या तिसऱ्या पर्वाने सगळ्यांची निराशा केली. नदीकाठच्या एका गावात औषधांच्या दुकानदाराचा थोरला मुलगा मारला जातो. दुसऱ्याच रविवारी ऐकणाऱ्याला कळतं की मारणारा समोरचाच कंपाउंडर आहे. घरच्यांनाही कळतं. पुरावा कुठेच नाही. इन्स्पेक्टर येतो, चहा पितो, जातो. पुढे सगळं तसंच चालू राहतं. बाप दुकान उघडतो. कंपाउंडर रस्त्यातून जातो.

“रहस्यच नाही, तर ऐकायचं काय?” श्यामराव म्हणाले. “ऑफिसात सगळ्यांनी सोडून दिलं. पहिलं ते पहिलंच. तिसऱ्या पर्वात काही नाही, कालिंदी. तू तरी कशाला जागी राहतेस?”

“ते येतात ना.”

“त्यांना काय कळत असेल त्यातलं, देव जाणे.”

एका रविवारी कालिंदीने विचारूनच टाकलं. कार्यक्रम संपला होता, सान्यालबाबू उठायचे राहिले होते. ती म्हणाली, “मेशोमशाय, तुम्हाला आवडतं का हे? सगळे म्हणतात, आता त्यात दम राहिला नाही.”

ते म्हणाले, “पहिलं पर्व फारच चांगलं होतं. नीरेन किती हसायचा. पण त्यात तेरा आठवडे लागले कोणी मारलं ते शोधायला, आणि ते सापडलं की गोष्ट संपली. मला तर त्याच संध्याकाळी कळलं होतं, बौमा.” त्यांनी चष्मा पुसला. “त्यानंतर काय करायचं, ते कुणी सांगत नाही. हा औषधवाला रोज सकाळी दुकान उघडतो. मी बघतो, आज तो काय करतोय.”

कालिंदीने कप उचलले.

सप्टेंबर आला. दुर्गापूजेच्या मांडवाचे बांबू गल्लीत येऊन पडले. रविवारी कार्यक्रम चालू असताना दार वाजलं. कालिंदीने उघडलं. दारात बुलू उभा होता, त्याच्या मागे आणखी दोघं.

“काकीमा, मांडवाची दोरी तुमच्या गॅलरीच्या कठड्याला बांधायची आहे. खाली कुणी दार उघडत नाही.”

कालिंदीचा हात दारावरच राहिला. आत सान्यालबाबू खुर्चीत होते. दारातून त्यांचे पाय दिसत होते, आणि बुलूलाही ते दिसले. त्याचं हसू मावळलं. रेडिओवर तो औषधवाला कुणाला तरी खोकल्याच्या औषधाची मात्रा समजावून सांगत होता. श्यामराव आतल्या खोलीतून उठून आले आणि कालिंदीच्या मागे थांबले.

“कोण आहे?” सान्यालबाबूंनी विचारलं.

बुलूच म्हणाला, “मी, ज्याठामशाय. बुलू.”

सान्यालबाबूंनी मान वळवली नाही. “काय हवंय?”

“दोरी बांधायची होती. मांडवाची.”

“दरवर्षी बांधता. बांधा.” जरा थांबून ते म्हणाले, “पण हे संपल्यावर. तोवर थांब.”

बुलूने मागच्या दोघांना हातानेच खाली पाठवलं. तो स्वतः जाईल असं कालिंदीला वाटलं होतं, पण तो गेला नाही. चौकटीला टेकून, खाली बघत उभा राहिला. कालिंदी त्याच्या आणि त्या खुर्चीच्या मध्ये उभी होती. तिला बसावंसं वाटत होतं, गुडघा ठणकत होता, पण हलायचा धीर होत नव्हता. औषधवाल्याच्या दुकानात कंपाउंडर आला. त्याच्या मुलीला ताप होता. औषधवाल्याने पुडी बांधली, कशी घ्यायची ते सांगितलं, आणि कंपाउंडर गेला. मग नुसता दुकानाच्या फळ्या लावल्याचा आवाज. वादकांनी सुरावट धरली, आणि निवेदकाने पुढच्या रविवारी ऐका म्हणून सांगितलं.

“बंद करा, बौमा,” सान्यालबाबू म्हणाले.

ते खुर्चीतून उठले. बुलू बाजूला सरकला. म्हातारा त्याच्या अगदी जवळून गेला, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थांबला आणि पाठमोराच म्हणाला, “डाव्या बाजूचा गज हलतो. तिथे नको बांधू. यांच्या घरात कुणाला तरी लागायचं.”

मग ते खाली गेले. बुलू गॅलरीत गेला, पण त्याची गाठ नीट बसेना. दोन वेळा सुटली. शेवटी श्यामरावांनीच दोरीचं टोक धरलं. तो गेल्यावर श्यामराव पलंगावर बसले आणि बराच वेळ तळहाताकडे बघत राहिले. “मी का धरली ती दोरी?” ते म्हणाले.

कालिंदी म्हणाली, “तो लवकर जावा, म्हणून.” तिला नुसतं आडवं व्हायचं होतं.

पुढच्या रविवारी श्यामराव आतल्या खोलीत गेले नाहीत. पेपर घेऊन बाहेरच बसले, आणि कार्यक्रम सुरू झाल्यावर पेपर खाली ठेवला. कंपाउंडरला शेवटपर्यंत शिक्षा झाली नाही. औषधवाला दुकान चालवत राहिला, एवढ्यावर पर्व संपलं. ऑफिसात कुणी विचारलं तर काय सांगावं ते आपल्याला समजत नव्हतं, असं श्यामराव नंतर म्हणाले.

हिवाळ्यात पाकिस्तानशी लढाई झाली, काही दिवस दिवे झाकावे लागले, आणि मग सगळं निवळल्यासारखं झालं. बुलू त्याच सुमारास गल्ली सोडून गेला. कुणी म्हणे दुर्गापूरला नोकरी लागली, कुणी म्हणे पकडला. सान्यालबाबूंनी चौकशी केली नाही. माशीमांनी खोली अजून उघडली नव्हती.

श्यामरावांची बदलीची ऑर्डर आली त्याच महिन्यात चौथं पर्व लागलं. अर्धं सामान बांधून झालं होतं. सान्यालबाबू वर आले आणि एका पेटाऱ्यावर बसले. या वेळी गंगेवरच्या आगबोटीत एका जमीनदाराचे हिरे चोरीला गेले होते. सगळे प्रवासी बोटीतच होते, आणि प्रत्येकाच्या बोलण्यात काहीतरी खोट होती. चांगलं जमून आलं होतं. श्यामराव पुढे सरकून ऐकू लागले.

दहा-बारा मिनिटांनी सान्यालबाबू म्हणाले, “चांगलं आहे. पुन्हा पहिल्यासारखं झालंय. लोक ऐकतील.”

“तुम्ही?” कालिंदीने विचारलं.

“मी नाही बौमा. हे माझ्यासाठी नाही.” त्यांनी श्यामरावांकडे पाहिलं. “तुम्ही ऐका. मी बसतो.”

पण श्यामरावांनीच बटण फिरवून रेडिओ बंद केला. मग सान्यालबाबूंनी नागपूरला उन्हाळा कसा असतो ते विचारलं. कालिंदी सांगू लागली. वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर शिंपडलेलं पाणी, दुपारी ओस पडलेले रस्ते. सांगता सांगता ती भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. सान्यालबाबू डोळे मिटून ऐकत होते.