दुपारचे श्वास

“बाबा, तुम्ही परत सत्तावीस नंबर चालवायला लागलात, तर आम्ही तिच्यात बसायचं का नाही?”

विचारलं एकदाचं! जिना चढताना तिने हे वाक्य चार वेळा घोकलं होतं. पैज चष्मेवालीने आणि लांबडीने लावली होती. दोघी तिच्या जिवलग, आणि दोघी रोज सत्तावीस नंबरच्या बसने तिच्याबरोबर शाळेत येणाऱ्या. “भाषणात कप मारतेस ना? मग घरी एक प्रश्न विचारून दाखव. महिनाभर खिडकी तुझी!” आणि यंदा तो कप घरी आल्यापासून तिला वाटायला लागलं होतं, की जगात न विचारण्यासारखं काही नसतंच.

बाबा सिंकपाशी पाठमोरे उभे होते. हातात मास्क होता. तो रोज साबणाच्या पाण्याने धुवायचा असं दवाखान्यात सांगितलं होतं, म्हणून ते रोज धूत होते. एरवी बाबांनी असा प्रश्न सोडला नसता. “तिकीट काढा नि गपचूप मागे सरका,” असं काहीतरी कंडक्टरच्या थाटात म्हणाले असते. आता त्यांनी नळ बंद केला, मास्क झटकला आणि भिंतीकडे बघत म्हटलं, “मला नको विचारू. मशीनला विचार.”

ना राग, ना दुखावल्यासारखं काही. हवामानाचं सांगावं तसं.

“भोंगा, पानं घे,” आतून आई म्हणाली. भोंगा म्हणजे ही. नाव बाबांनीच ठेवलेलं, जन्मली त्या दिवशीच्या रडण्यावरून.

घरातलं सगळं असं झाल्याला दोन महिने होत आले होते. त्या दिवशी सत्तावीस नंबर शेवटच्या थांब्यावर उभी होती, इंजिन चालू, बाबांचा पाय ब्रेकवर. सुटायला तीन मिनिटं बाकी होती. त्या तीन मिनिटांत बाबांचा डोळा लागला. बस आपली हळूहळू पुढे गेली आणि चौकीच्या भिंतीला टेकली. दिव्याची काच फुटली, माणूस कुणी फुटला नाही. बाबांनी बावीस वर्षांत एक सायकलसुद्धा घासली नव्हती. पण डेपोतल्या साहेबांनी त्यांना तपासायला पाठवलं, आणि झोपेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हा माणूस रात्री झोपतच नाही. तासाला एक्केचाळीस वेळा याचा श्वास अडकतो, आणि तितक्याच वेळा मेंदू त्याला हलवून जागा करतो.

“म्हणजे मी बावीस वर्षं ज्याला घोरणं समजत होते, ते गुदमरणं होतं?” आईने विचारलं होतं.

मग ते मशीन आलं. पावाच्या डब्याएवढं, राखाडी. त्यात पाणी भरायचं, नळी जोडायची, नाकावर मास्क चढवून पट्टे डोक्यामागे आवळायचे. हवा सतत आत ढकलली जाते आणि घसा मिटत नाही. आई एका दुकानात कपडे दुरुस्त करायची. पट्ट्यांचे वळ गालावर उठतात म्हणून तिने मऊ कापडाच्या बारीक नळ्या शिवून त्या पट्ट्यांवर चढवल्या.

डॉक्टरीणबाईंची अट सरळ होती. मशीन स्वतःच तास मोजतं. तीस रात्रींपैकी निदान वीस रात्री चार-चार तास भरले, तर कागदावर सही आणि बाबा परत गाडीवर. तोवर डेपोच्या खिडकीत बसून दुसऱ्या ड्रायव्हरांना चाव्या द्यायच्या.

‘मशीनला विचार’ म्हणाले ना? दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्या आल्या तिने विचारलं. घरात कुणी नव्हतं. आई दुकानात, बाबा डेपोत. दोन बटणं दाबली तर पडद्यावर आकडे आले. पहिली रात्र एक तास दहा मिनिटं. दुसरी पन्नास मिनिटं. मग दीड तास, एक तास, परत दीड, परत एक. सहा रात्रींत चारचा आकडा एकदाही नाही. बाबा झोपेत मास्क ओरबाडून काढतात हे आई सांगायची, पण इतक्या लवकर?

चोवीस रात्री उरल्या होत्या. त्यातल्या वीस भरायला हव्यात.

मास्क तिने लावला तो निव्वळ गंमत म्हणून. पट्टे आवळले, बटण दाबलं, आणि धावत्या बसच्या खिडकीतून डोकं बाहेर काढल्यावर घुसते तशी हवा नाकात घुसली. “बापरे” म्हणायला तोंड उघडलं, तर तीच हवा तोंडातून फर्रकन बाहेर पडली आणि शब्दच उमटला नाही. भोंग्याचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बंद केला होता. ती हसली, तर हसण्याचंही फर्र झालं. दोनदा तिने मास्क भिरकावला. मग हट्टाला पेटली. जीभ टाळूला चिकटवून ठेवायची, ओठ मिटायचे, श्वास सोडताना घाई करायची नाही, हवेशी भांडायचं नाही. दहाव्या मिनिटाला तिच्या लक्षात आलं, की आपण भूगोलाचं पान वाचतोय आणि नाकावर काही आहे हे विसरलोय.

मास्क काढला तेव्हा पडद्यावर आजच्या रात्रीच्या नावाने चाळीस मिनिटं जमा झाली होती. रात्र अजून व्हायची होती! या मशीनचा दिवस दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत. नाक कुणाचं, हे ते विचारत नव्हतं.

त्या दिवसापासून दुपारी दोन ते पाच तिचं नाक बाबांच्या कामी आलं. याला ती लबाडी म्हणत नव्हती. हातभार म्हणत होती. आडवं पडून तिने भूगोल संपवला, मग इतिहास. कधी नुसती छताकडे बघत राहिली. पहिल्या आठवड्यात आपण केवढं धाडस करतोय असं वाटून छाती धडधडायची. पुढे तेही थांबलं. नळीतून हवा येत राहायची, खाली सव्वादोनची सत्तावीस नंबर जायची. बाबा चालवायचे तेव्हा घराच्या खिडकीखाली दोन छोटे हॉर्न द्यायचे, हे तिला आठवायचं, आणि आठवून काहीच वाटायचं नाही. मैत्रिणी म्हणायच्या, हल्ली तू बोलत का नाहीस?

एकदा तिचा खरोखरच डोळा लागला. संध्याकाळी आई म्हणाली, “गालावर कसला वळ? पुस्तकावर झोपलीस वाटतं.”

“हो,” ती म्हणाली.

सकाळी चहाच्या वेळी बाबा आकडा सांगायचे. “चार तास दहा.” मग, “साडेचार.”

“बघा, झाली की नाही सवय?” आई म्हणायची.

“मला तर वाटलं, लवकरच काढून टाकला होता.”

“अहो, झोपेत माणसाला काय कळतंय!”

“तेही खरंच.” बाबा चहात बघत राहायचे. डोळे तसेच, कडेने लाल. पण आता ते रोज दाढी करायला लागले. एका रविवारी त्यांनी बुटांना पॉलिश केलं. दवाखान्याच्या आदल्या सकाळी, कुणी विचारलं नसताना, म्हणाले, “माझ्या शर्टाला इस्त्री असू दे गं.” माझ्या म्हणजे गाडीवरच्या, बिल्ल्याच्या.

त्याच दिवशी बाबा जेवणाचा डबा घरी विसरले. “शाळेतून येताना डेपोत उतर नि दे,” आईने तिला बजावलं. सत्तावीसने येताना ती मध्येच डेपोत उतरली. बस तिथे दहा मिनिटं थांबायची, ड्रायव्हर बदलायचा. “ये पटकन, खिडकी धरून ठेवते,” लांबडी ओरडली आणि सीटवर दप्तर आपटलं.

चाव्यांच्या खिडकीमागे फळी होती. फळीवर नंबर, नंबरखाली हूक, हुकांना चाव्या. समोर स्टुलावर बाबा बसले होते. ताठ. एक हात खिडकीतून बाहेर पुढे केलेला, बोटात सत्तावीसची चावी अडकवलेली. आणि डोळे मिटलेले.

सुरुवातीला तिला वाटलं, ते कुणाला तरी चावी देताहेत. मग तिने त्यांच्या छातीकडे पाहिलं. वीस दुपारी तीन-तीन तास स्वतःच्याच श्वासाच्या सोबतीने पडून राहिलेली पोर ती. तिला ते लगेच कळलं. छाती हलत नव्हती. ती मोजायला लागली. पाच. दहा. सतराला बाबांच्या घशातून गाडीचा गिअर अडकावा तसा आवाज आला, खांदे उडाले, आणि श्वास पुन्हा सुरू झाला. डोळे उघडले नाहीत.

सत्तावीसवर आता मिशीवाले काका असायचे. ते आले, तिला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं, आणि बाळाच्या मुठीतून खुळखुळा काढतात तशी अलगद ती चावी काढून घेतली. बाबांचा हात तसाच पुढे राहिला, रिकामा.

“काका, हे रोज असं?”

“अगं, चालायचंच. आम्ही आपली घेतो काढून. साहेबांना कुणी सांगत नाही.” मिशीवाल्यांनी चावी हवेत उडवून झेलली. “सोन्यासारखा माणूस आहे. उद्या कागद मिळतोय ना? एकदा गाडीवर बसला की होईल ताजातवाना. डबा ठेव इथेच, उठला की देतील पोरं. येतेस ना?”

तिने डबा बाबांच्या कोपराजवळ ठेवला. बसच्या खिडकीतून चष्मेवाली हात हलवत होती. दप्तराने धरून ठेवलेली जागा दिसत होती.

“तुम्ही व्हा पुढे,” ती म्हणाली. “मी चालत येते.”

पाऊण तास लागला. घरी आल्यावर ती मशीनसमोर बसून राहिली. विसावी रात्र कालच भरली होती. आज गरज नव्हतीच. तरी तिने मास्क उचलून पाहिला, आईने शिवलेलं कापड अंगठ्याने चाचपलं आणि परत जागेवर ठेवला.

रात्री जेवणं झाली. इस्त्रीचा शर्ट खुर्चीच्या पाठीला लावलेला होता, खिशावर बिल्ला. टीव्हीवर चित्रं हलत होती, आवाज बंद. हल्ली तो बंदच असायचा.

“उद्या दहाला निघू,” आई म्हणाली. “मशीनमधलं कार्ड विसरू नका.”

“बाबा,” ती म्हणाली, “ते तास तुमचे नाहीत.”

“कुठले?”

“मशीनमधले. दुपारी मी लावत होते मास्क. तुमचा एक-दीड तास व्हायचा. वरचे माझे.”

आईच्या हातातला फडका ओट्यावर थांबला. “काय बोलतेयस काय तू?”

बाबांनी मान वळवली. ते ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडावं असंही वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “किती?”

“साठेक तास.”

त्यांनी पुन्हा पडद्यावरच्या मुक्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, “मला वाटलं, मला जमलं.”

एवढंच. आवाज वर नाही, खाली नाही. त्यांनी खुर्चीवरचा शर्ट मांडीवर घेतला आणि बिल्ल्याची पिन शोधू लागले. ती घट्ट होती, निघेना.

“अगं कार्टे,” आई अगदी हळू म्हणाली, “महिनाभर झाकलंस, मग उद्याचा एक दिवस नाही का झाकवला? कागद तर हातात आला असता यांच्या.”

“आज दुपारी डेपोत यांच्या बोटातली चावी मिशीवाल्या काकांनी काढून घेतली. रोज काढतात.” ती बाबांकडे वळली. “तुम्हाला कळलं?”

“कुठली चावी?” बाबांनी विचारलं.

“सत्तावीसची.”

पिन निघाली. बिल्ला बाबांच्या तळहातावर पडला. त्यांनी मूठ मिटली, मग उघडली, आणि आईने पुढे होऊन बिल्ला उचलून सुया-दोऱ्यांच्या डब्यात ठेवला. झाकण लागल्याचा आवाज झाला.

ती उठून टीव्हीसमोर उभी राहिली. कप मिळवला त्या दिवशी उभी होती तशी, हात मागे बांधून. फक्त आवाज त्या दिवसासारखा नव्हता.

“मी उद्या शाळेत जाणार नाही. तुमच्याबरोबर दवाखान्यात येणार आणि डॉक्टरीणबाईंना सांगणार, हे तास पुसून टाका, पहिल्या रात्रीपासून मोजा. आणि बाबा, उद्यापासून रोज जेवण झालं की मास्क लावून माझ्यासमोर बसायचं. झोपायचं नाही, नुसतं बसायचं. जीभ कुठे ठेवायची, हवेशी भांडायचं कसं नाही, ते मी दाखवणार. मला झालीय सवय. आणि चष्मेवालीला नि लांबडीला सांगणार, की विचारलं मी. बाबांच्या गाडीत आत्ता नाही बसायचं. मी सांगेन तेव्हा.”