पेडलवरचा पाय

“मी सोड म्हणेपर्यंत पाय काढू नकोस हं,” हे गाडीखालून बजावायचे.

आमच्या जुन्या स्पोर्ट्स कारच्या ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागत. मी पेडल दाबून धरायची. हे चाकामागचा स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा बाहेर काढायचे आणि पुन्हा आवळायचे. त्याआधी पाय उचलला, तर हवा परत आत.

यंदा यांनी नवे, मोठे ब्रेक बसवले. हवा काढायची तेवढी राहिली, आणि हे गेले. आजारी नणंदेला यांनी शब्द दिला होता, “ताई, ब्रेक झाले की पहिली चक्कर तुला.” परवा तिनं फोनवर भीतभीतच विचारलं, “गाडी विकताय का गं?”

आज सकाळचा जप आटोपून मी गाडीत बसले. लेक खाली सरपटली.

“दाब. हं, आवळला. सोड.”

माझा पाय हलेना.

“आई, सोड ना! डुलकी लागली की काय?”

“ऐकू आलं गं. पण पाय त्यांच्या आवाजाची वाट बघतोय.”

मग ती हळूच म्हणाली, “बाबांसारखी ओरडू?”

“नको. तुझ्याच आवाजात सांग.”

“सोड, आई.”

मी पाय उचलला. चारही चाकं होईपर्यंत दोघीही रडत होतो.

लेकीनं फाटकापर्यंत गाडी नेऊन ब्रेक तपासले. गाडीत जागा दोनच. तिनं किल्ली माझ्या हातात ठेवली. नणंदेचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून मी शेजारची सीट पार मागे सरकवली आणि निघाले.