पाहिलं तेवढंच लिहायचं

आमच्या बागेत झाडू नाही. गेली अकरा वर्षं शाळेतून येणाऱ्या प्रत्येक वर्गाला मी पहिलं वाक्य हेच सांगत आले. जुन्या पंपघराच्या मागे, दोन उंच इमारतींच्या मधे सापडलेली ही जागा. चार वर्गखोल्या मावतील एवढी. गुलाब नाहीत, कापलेली हिरवळ नाही. गुडघाभर गवत, पडल्या जागी राहू दिलेलं एक खोड, उथळ डबकं आणि कुंपणालगत पाचोळ्याचा छातीएवढा ढीग. त्या ढिगात पोरांनीच एक फळी रोवली होती. तिच्यावर लिहिलेलं, 'इथे राहतात. हलवू नये.'

पोरं मला पाठीमागे पानबाई म्हणतात. मला ते माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. राग माझ्या नाकावर असतो हे मी नाकारत नाही. पानं गोळा करून पिशवीत भरणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं.

बागेचा दुसरा नियम वहीचा. पंपघराच्या ओट्यावर एक जाड वही दोरीने बांधलेली असते. तारीख, वेळ, काय पाहिलं, सही, असे चार रकाने. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायचं. ऐकलेलं नाही, वाटलेलं नाही. एकाने एकदा 'गवतात साप असेल' असं लिहिलं, तर मी ते त्याला खोडायला लावलं. असेल-नसेलला इथे जागा नाही, असं वर सुनावलंही. निघायच्या आधी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी मोठ्याने वाचायच्या, आणि लिहिणाऱ्याने 'हो, मी पाहिलं' म्हणायचं.

चौथीतली एक मुलगी हा नियम माझ्याहून कडक पाळायची. तिला मी मोजणीबाई म्हणायची, कारण ती दिसेल ते मोजायची. ओट्याच्या पायऱ्या, गोमेचे पाय, माझ्या शिंका. दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आली तेव्हा मातीवर बसायला तयार नव्हती. खाली रुमाल अंथरून त्याच्या बरोबर मधोमध बसली होती. त्याच दिवशी ढिगातून एक जाडजूड, खरखरीत कातडीचा बेडूक निघाला आणि तिच्या रुमालावर येऊन बसला. सगळी पोरं किंचाळली. ही मात्र हलली नाही. बराच वेळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "बाई, ह्याच्या मागच्या पायाला एक बोट कमी आहे."

त्या बेडकाचं नाव पडलं आजोबा. वहीत त्याच्या सतरा नोंदी आहेत, सगळ्या तिच्या. शेवटची नोंद थंडी सुरू होतानाची. 'आजोबा ढिगात शिरला. मागचा पाय सगळ्यात शेवटी आत गेला.' थंडीभर तो आत झोपेल, ऊन तापलं की बाहेर येईल, हे मी तिला समजावलं.

"मधेच कोणी ढीग हलवला तर?" तिने विचारलं.

"मी आहे ना," मी म्हणाले.

मग पालिकेचं पत्र आलं. जागेची मुदत संपत होती आणि शेजारच्या इमारतींनी ती गाड्या उभ्या करायला मागितली होती. सोमवारी अधिकारी पाहणीला येणार होता. हाच अधिकारी दोन महिन्यांपूर्वी येऊन गेला होता आणि ढिगासमोर उभं राहून म्हणाला होता, "हा कचरा कोणी उचलत नाही का?" मी त्याला अर्धा तास शहाणपण शिकवलं होतं. त्याने काहीतरी टिपून घेतलं होतं. आता ते टिपलेलं मला झोपू देईना.

शनिवारी मी माळीदादांना म्हणाले, "ढीग तेवढा काढून टाकू या का?" ही बाग त्यांनी माझ्याबरोबर पहिल्या दिवसापासून उभी केली. बोलणं कमी.

"थंडीत?" ते म्हणाले. "बाई, हे तुम्हीच शिकवलंत ना?"

"बागच राहिली नाही तर शिकवू कुठे?"

"माझ्याच्याने नाही होणार," ते म्हणाले आणि पाण्याची नळी गुंडाळायला लागले.

घरी नवऱ्यासमोर चिडचिड केली. तो पेपर वाचत होता. "अगं, पानंच ती," तो म्हणाला. "पुन्हा पडतील." मला हेच कोणाकडून तरी ऐकायचं होतं.

रविवारी माळीदादांची सुट्टी असते. सकाळी मी एकटीच गेले. फळी उपटून पंपघरात ठेवली. वरची पानं हाताने काढली, प्रत्येक थर चाचपून बघितला. काही दिसलं नाही. खालचा थर ओला, घट्ट बसलेला, हाताने निघेना. पाठ भरून आली होती, अजून सहा पोती भरायची होती. मी माळीदादांचं फावडं घेतलं.

चौथ्या की पाचव्या घावाला पात्याखाली काहीतरी मऊ लागलं. मी वाकून पाहिलं. मागच्या पायाला एक बोट कमी होतं.

अकरा वर्षांत मी पोरांना मेलेला पक्षी दाखवलाय, मुंग्यांनी खाल्लेला सुरवंट दाखवलाय, मरण ही लपवायची गोष्ट नाही असं तोंड वर करून सांगितलंय. आणि मी काय केलं? त्याला पानांत गुंडाळून पोत्यात टाकलं, पोत्याचं तोंड बांधलं, दारावर आलेल्या कचऱ्याच्या गाडीवर चढवलं. फावडं नळाखाली धुऊन होतं तिथे ठेवलं. मला माझी लाज वाटत होती, तरी हात भराभर चालत होते.

सोमवारी अधिकारी आला. फोन कानाला लावूनच दारापासून डबक्यापर्यंत गेला, कुंपण हलवून बघितलं, आणि ओट्यावर कागद ठेवून पाच वर्षांच्या मुदतीवर सही केली. त्या कोपऱ्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

तो गेल्यावर माळीदादा फावडं हातात घेऊन आले. फावडं ते कधीच धूत नाहीत, कोरड्या फडक्याने पुसतात.

"हे कोणी धुतलं?"

"मी."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. मोकळ्या मातीपाशी जाऊन जरा वेळ उकिडवे बसले, मग उठून कामाला लागले.

गुरुवारी चौथीचा वर्ग आला. मोजणीबाई नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी कोपऱ्यात पोचली आणि तिथेच थांबली.

"बाई, ढीग कुठे गेला?"

पंधरा-वीस तोंडं माझ्याकडे वळली. खरं सांगायचं मी ठरवलं होतं, तीन रात्री ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "पालिकेची माणसं आली होती. त्यांनी उचलला."

माळीदादा डबक्याशी पाणी सोडत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांनी मला खोटं पाडलं असतं तर बरं झालं असतं, असं मला त्या क्षणी वाटलं.

"आजोबा?" तिने विचारलं.

"गेला असेल कुठेतरी."

ती माझ्याकडे बघत राहिली. रडली नाही, चिडली नाही. ओट्यावर जाऊन तिने वही उघडली, तारीख घातली, आणि पेन धरून तशीच बसली. मग म्हणाली, "हे मला लिहिता येत नाही. मी नव्हते. तुम्ही पाहिलंत ना बाई, त्यांना उचलताना? मग तुम्ही लिहा."

तिने पेन माझ्यापुढे धरलं. तिला माझी परीक्षा घ्यायची नव्हती. तिचा माझ्यावर विश्वास होता. नियम होता आणि ती तो पाळत होती, एवढंच. खोटं बोलून झालं होतं, पण त्या रकान्यात ते लिहायला माझा हात धजेना. त्या पानाच्या मागे तिच्या सतरा नोंदी होत्या.

मी ओट्यावर बसले आणि लिहिलं. 'रविवार. ढीग मी काढला. पालिकेची माणसं आली नव्हती. आजोबा आत झोपला होता. माझ्या फावड्याने तो मेला. मी त्याला कचऱ्याच्या गाडीत टाकलं.' खाली सही केली.

तिने वही स्वतःकडे ओढून घेतली आणि नियमाप्रमाणे मोठ्याने वाचली. 'मुंग्यांची रांग दिसली' हे ज्या आवाजात वाचते, त्याच आवाजात. मधे एकदाच अडखळली. वाचून झाल्यावर ती माझ्याकडे बघत थांबली.

"हो," मी म्हणाले. "मी पाहिलं."

"वेळ लिहायची राहिली," ती म्हणाली.

मी रविवारची वेळ लिहिली. दहा वाजून वीस मिनिटं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं मला सुचत नव्हतं. माझी माफी तोंडातच राहिली, कारण तिने पेन परत घेतलं होतं आणि माझ्या नोंदीखाली ती लिहायला लागली होती. पंपघराच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून आधी वेळ घातली. मग सावकाश, एकेक अक्षर सुटं काढत लिहिलं.

'ढिगाच्या जागी ओली माती. फळी नाही. बाई रडल्या.'

आणि खाली तिची सही.