चौथ्या वर्षाची पोरं

माझा नवरा वेंडेल ओस्टरमान कॉलेजात फुटबॉलचा कोच झाला, तेव्हा आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. लांबुळका चेंडू पोटाशी धरून पळायचं आणि समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवं पाडायचं, असल्या खेळापायी माझं अख्खं आयुष्य नेब्रास्कातल्या या गावात गेलं, जिथं मक्याची कोठारं कॉलेजपेक्षा उंच आहेत. मोठ्या विद्यापीठांनी त्याला दोनदा बोलावलं. ‘बघू’ म्हणाला. अजून बघतोच आहे!

कॉलेज एवढंसं, त्यामुळे मैदानाचं गवत कोचनंच कापायचं, बसही कोचनंच चालवायची, आणि घरच्या प्रत्येक सामन्यानंतर सगळा संघ आमच्याकडे जेवायला. राजमा-खिम्याची चिली आणि तिच्यात बुडवून खायला दालचिनीचे गोड रोल. बाहेरगावची पोरं पहिल्या वर्षी नाकं मुरडतात आणि दुसऱ्या वर्षी पातेलं पुसून खातात.

वेंडेलनं कधी कुणाला परत पाठवलं नाही. आला त्याला जर्सी. आणि त्याचा एक नियम होता: हंगामाच्या शेवटच्या शनिवारी, घरच्या मैदानावर, शेवटची दोन मिनिटं चौथ्या वर्षाच्या पोरांची. फलकावर आकडे काही का असेनात, चार वर्षं नुसता बाकावर बसलेला पोरगाही तेव्हा आत जाणार. त्यासाठी पोरांच्या आया कुठून कुठून गाड्या हाकत येतात.

या नियमानं आमचं कधी काही गेलं नाही. तोवर आम्ही हरलेलो तरी असायचो, नाहीतर आरामात जिंकलेलो तरी. यंदा मात्र वेंडेल निवृत्त होणार होता आणि सगळ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच आमच्या गटाचा कप एका सामन्यावर आला होता. समोर कोण, तर कर्टिस व्होंद्राचा संघ. हा कर्टिस आता त्यांचा कोच, पण वेंडेलच्याच हाताखाली खेळलेला. घरी बापाशी पटेना, म्हणून दोन हिवाळे आमच्या सोफ्यावर झोपला. मी त्याला पोटच्या पोरासारखं खाऊ घातलं.

आणि आमच्याकडे चौथ्या वर्षात होता थेरन लिंड. जाड चष्मा, रसायनशास्त्राचा विद्यार्थी, पळायला लागला की गुडघे एकमेकांवर आपटायचे. सराव एकही चुकवला नाही, आणि सामन्यात एकदाही आत गेला नाही. जागा कुठली, तर कोपऱ्यातली. समोरच्यांचा सगळ्यात चपळ गडी अडवायची!

शुक्रवारी संध्याकाळी मी पीठ मळता मळता विषय काढला.

“वेंडेल, उद्या तेवढा नियम राहू दे.”

“का?”

“का म्हणून काय विचारतोस? कप आहे! हातातोंडाशी आलेला घास आहे. त्या थेरनला पहिल्या दहा मिनिटांत खेळव, त्याची आई फोटो काढेल, झालं.”

तो खुर्चीत बसून बुटाची नाडी सोडत होता. “व्हर्ना, हरताना पाळला तो नियम नव्हे गं. ती सोय झाली.”

“तत्त्वं चाटत बस मग म्हातारपणी!”

“तुझे रोल असले की चाटेन तेही,” म्हणाला. असा हा माणूस. भांडायचीही सोय नाही.

शनिवारी थंडी अशी, की बाकावर बसवेना. थेरनची आई वायोमिंगहून रात्रभर गाडी चालवत आली होती. माझ्या शेजारी बसली, एकाच घोंगडीत दोघी. सामना शेवटच्या दोन मिनिटांवर आला. आम्ही चार गुणांनी पुढे, चेंडू त्यांच्याकडे. त्यांनी एकदा रेषा ओलांडली की सहा गुण, आणि कप गेला. सगळं गाव उभं होतं. वेंडेलनं हात वर केला आणि चौथ्या वर्षाची पोरं आत पळाली.

“तो आत चाललाय?” थेरनच्या आईनं माझा दंड धरला. “माझा?”

“तुमचाच,” मी म्हटलं. मला कप जाताना दिसत होता आणि ही बाई आनंदानं रडत होती.

पलीकडच्या कडेला कर्टिस उभा होता. त्यानं थेरनला पाहिलं, मी बघितलं ना. मनात म्हटलं, कर्टिस, बाळा, माझ्या हातचं खाल्लंयस. दुसरीकडून खेळ. त्या कोपऱ्यात नको. त्यानं टोपी डोळ्यांवर ओढली. मग हातानं खूण केली.

चेंडू उंच गेला, थेट थेरनच्या कोपऱ्यात. त्यांच्या गड्यानं तो झेलला. थेरन जिवाच्या आकांतानं त्याच्यामागे धावला, त्याच्या पायांवर झेपावला आणि तोंडावर आपटला. गड्यानं रेषा ओलांडली. उरलेल्या वेळात आमच्याकडून काही झालं नाही. गेला कप.

घरी येऊन मी पातेलं चुलीवर आदळलं. थोड्या वेळानं वेंडेल संघाला घेऊन आला आणि पाठोपाठ, टोपी हातात घेऊन, कर्टिस.

“तू आत यायचं नाहीस,” मी म्हटलं. “खाल्ल्या घरचे वासे मोजतोस, मेल्या?”

“मिसेस कोच...”

“त्या पोरावर डाव टाकताना लाज नाही वाटली?”

कर्टिसचे डोळे लाल झाले होते. “मी टाळलं असतं, तर त्याला कळलं असतं, मिसेस कोच. सगळ्या गावादेखत कळलं असतं, की याला कोणी खेळाडू धरत नाही.”

तेवढ्यात थेरन आला. ओठ सुजलेला, चष्म्याची एक काच तडकलेली, आणि चेहरा असा उजळलेला, की मला बघवेना.

“कोच व्होंद्रा!” तो कर्टिसकडेच गेला. “तुम्ही माझ्या अंगावर डाव टाकलात! माझ्या! सॉरी, कोच ओस्टरमान, पण हातभर राहिला हो तो, नाहीतर पाडलाच होता!”

कर्टिसनं त्याला मिठी मारली. मी दोन मोठे वाडगे भरले, एक थेरनला दिला, एक कर्टिसला. “बस. रोल घे,” म्हटलं.

वेंडेल कुठं दिसेना. मागच्या पायऱ्यांवर सापडला, कोटाशिवाय. रडत होता. इतक्या वर्षांत मी त्याला हरल्यावर रडताना पाहिलं नव्हतं.

“कप हवा होता गं मला,” म्हणाला. “तुला वाटत असेल, मला त्याचं काही नव्हतं. फार हवा होता.”

“माहीत आहे रे मला.” मी त्याच्याजवळ बसले, त्याचं डोकं माझ्या खांद्यावर घेतलं. थंडगार पडला होता. शुक्रवारी मी त्याला काय काय बोलले, ते आठवून मलाही हुंदका आला.

स्वयंपाकघरातून थेरनचा आवाज येत होता. आता आईला सांगत होता, “वीतभर, मॉम! वीतभर राहिला!” थोड्या वेळानं कुणी दुसऱ्यानं विचारलं असावं. “अरे, बोटभर!”

वेंडेलनं बाहीनं नाक पुसलं आणि कान देऊन ऐकलं.

“थांब जरा,” म्हणाला, “अजून दोनदा सांगू दे. पाडतोय तो त्याला.”