एका माणसाची नाव

"संपतराव, वजन सांगा. लाजू नका."

"कुणाचं? नावेचं?"

"तुमचं हो!"

संपतराव जगदाळ्यांनी पोट आत घेतलं. "सत्तर."

भालचंद्र सबनीसांनी तक्त्यात पेन्सिलीने ऐंशी लिहिलं.

तक्ता त्यांनी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर केला होता. कडेला भोकांची पट्टी असलेला तो लांब कागद नव्या टाटा सुमोच्या बॉनेटवर पसरला होता आणि उडू नये म्हणून संपतरावांनी त्यावर दोन्ही हात ठेवले होते. होळी होऊन चार दिवस झाले होते. ओखल्याच्या धरणावरून चांगला वारा येत होता, आणि वाऱ्याबरोबर यमुनेचा वासही.

वकिलातीतला कुणी गोरा साहेब मायदेशी निघाला होता. इथल्या शिडाच्या नावांच्या क्लबच्या काठावरच्या त्याच्या दोन नावा विकायच्या होत्या. तक्त्यात त्यांची नावं अ आणि ब.

अ : दोघांनी चालवायची. दोन शिडं. आठ वर्षं जुनी.

ब : एकट्याने चालवायची. एकच शीड. जवळजवळ कोरी.

"आज दोन्ही चालवून बघू आणि आजच ठरवू," भालचंद्र म्हणाले. "सोमवारी मी सिंगापूरला. तुमचं मत महत्त्वाचं आहे बरं का. यातलं तुम्हाला जास्त कळतं."

जास्त कळणाऱ्या माणसाने 'माणसे' या रकान्याकडे पाहिलं. ब च्या पुढे छापलं होतं : १.

*

रकाना : माणसे

तेरा वर्षांपूर्वी दोघे एकाच सरकारी खात्यात होते. भालचंद्र इंजिनिअर. संपतराव लष्कराच्या बॉम्बे सॅपर्स पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त होऊन तिथे दफ्तरी लागलेले. मजल्यावर मराठी बोलणारे हे दोघेच. पलटणीत नावा हाकल्यात असं संपतराव एकदा चहा पिताना बोलून गेले, आणि पुढच्या रविवारी भालचंद्रांच्या स्कूटरवर मागे बसून ते या क्लबात आले.

नाव चालवायला त्यांनीच शिकवलं. पण पहिल्या दिवशीच ते आपसूक पुढे जाऊन बसले आणि सुकाणूचा दांडा साहेबांच्या हातात दिला. पलटणीत तसंच असायचं. सुकाणूवर अधिकारी, पुढच्या शिडाच्या दोरावर जवान. भालचंद्रांनी कधी विचारलं नाही, यांनी कधी सांगितलं नाही.

नाव बांधणं, गाठी मारणं, बूच लावणं, मधली फळी खाली सोडणं, सगळं संपतरावांकडे. भालचंद्र पाय ठेवायचे तेव्हा नाव तयार असायची.

गेल्या पावसाळ्यात क्लबची ती लाकडी नाव कुजली. त्याच सुमारास भालचंद्रांनी सरकारी नोकरी सोडली, परदेशी कंपनी धरली, आर. के. पुरमचं क्वार्टर सोडून ते गुडगावच्या सातव्या मजल्यावर राहायला गेले. तिथून दमदमा तलाव जवळ. रविवार कधी मोकळा मिळेल याचा नेम नाही. गाडीच्या टपावर टाकायची, न्यायची, कुणाची वाट बघायची नाही, अशी नाव हवी होती.

कुणाची म्हणजे कुणाची, हे तक्त्यात नव्हतं.

*

आज सकाळी, मुनिरका, दुसऱ्या मजल्यावरची खोली

"पांढरे बूट? लगीन हाय व्हय कुणाचं?" प्रभावतीने विचारलं.

"नाव बघायला चाललोय."

"कोणती बरी म्हणता?"

"दोघांची."

"आणि साहेब कोणती बरी म्हणतायत?"

संपतराव नाडी बांधत राहिले.

"तेरा वर्षं रविवारी मला सवत होती," ती परातीत पीठ घेत म्हणाली. "आता तुम्हाला आली. कसं वाटतं बघा जरा."

*

रकाना : वेग (ब)

ब काठावर उपडी होती. पांढरी, निमुळती, अंगावर ओरखडा नाही. संपतरावांनी ती सुलटी केली आणि तिच्या कडेवरून हात फिरवला. इतकी गुळगुळीत की राग आला.

डोलकाठी दोन तुकड्यांची, एकात एक बसणारी. शीड मोज्यासारखं वरून चढवायचं. पाच मिनिटांत सगळं उभं राहिलं.

"बस? एवढंच?" भालचंद्र लहान मुलासारखे हसले. "अरे यार, हे तर मीच करू शकतो."

"करू शकता की."

मागच्या बाजूला, सुकाणूच्या खाली, अंगठ्याएवढं भोक होतं. काठावर असताना ते उघडं ठेवतात, आतलं पाणी निघून जावं म्हणून. पाण्यात घालण्याआधी बूच पिळून बसवायचं. बूच दोरीला लोंबकळत होतं.

भालचंद्रांनी ते पाहिलं नाही. तेरा वर्षांत कधी पाहावं लागलं नव्हतं.

संपतरावांनी पाहिलं.

"वारा चांगला आहे," ते म्हणाले. "जा."

आणि ढकललं.

*

पहिली दहा मिनिटं ती उडाली. जलपर्णीच्या पट्ट्याला वळसा घालून, फेस कापत, एका अंगावर झुकून. भालचंद्र कडेबाहेर रेललेले, डोकं मागे टाकलेलं, तोंड उघडं. हसत होते. मोठ्याने, एकटेच.

पुढे बसणाऱ्याची पाठ सुकाणूकडे असते. भालचंद्र सुकाणूवर असताना कसे दिसतात हे संपतरावांना आजवर ठाऊक नव्हतं. आज काठावरून दिसलं. इतका आनंदी माणूस त्यांनी खात्यात पाहिला नव्हता, स्कूटरवर पाहिला नव्हता, साहेबांच्या मुलाच्या लग्नातही नाही.

माझ्या पाठीमागे असा हसायचा का हा?

की मी नाही म्हणून हसतोय?

मग नाव मंदावली. शेपूट खाली बसू लागलं. वळण घेताना ती आडवी रेंगाळली, शीड फडफडलं. आणखी दहा मिनिटांनी भालचंद्र घामेघूम होऊन काठाला लागले.

"म्हैस आहे हो, म्हैस! सुरुवातीला बरी वाटली, मग हलेचना. काय दोष असेल?"

"फायबरचं काही सांगता येत नाही."

"सोडा. कपडे पिळून येतो मी. अ काढा."

ते गेल्यावर संपतरावांनी ब ओढत चढावर घेतली. मागच्या भोकातून धार लागली. बराच वेळ लागून राहिली. ते धारेच्या आड पाय फाकून उभे राहिले.

*

रकाना : वेग (अ)

अ वर दोघे बसले तेव्हा एकाने दुसऱ्याला काही सांगावं लागलं नाही. वळण यायच्या आधी संपतरावांनी दोर सैल केला, भालचंद्रांनी दांडा लोटला, दोघे एका दमात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. तेरा वर्षं.

"आहाहा!" मागून आवाज आला. "ही खरी! ठरलं संपतराव. ब वर काट."

संपतरावांच्या छातीत गरम काहीतरी पसरलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

"तुम्ही असलात ना, की मला काही बघावंच लागत नाही."

"मग? इतकी वर्षं काय गोट्या खेळलो?"

"बिल्कुल! आणि तुम्हाला दर वेळी दमदम्यापर्यंत दगदग नको. मुनिरक्याहून दोन बस बदलायच्या या वयात... आमच्या ऑफिसात विश्वजित म्हणून आहे, एमबीए. शिकायचं म्हणतो. तुम्हाला नाही जमलं तर तो बसेल पुढे. अठ्ठावन्न किलो. विचारून ठेवलंय मी त्याला."

वारा तोच होता. पण दोर हातात जड झाला.

इथे. या पुढच्या बैठकीवर, या दोराला धरून, पाठ साहेबांकडे करून, अठ्ठावन्न किलोचा कुणी विश्वजित. वळण कधी येणार हे त्याला साहेब ओरडून सांगतील. मग एक दिवस सांगावं लागणार नाही.

ती एकट्याची नाव निदान एकट्याची होती.

"साहेब."

"हां?"

"मघा ब चं बूच लावलं नव्हतं."

"कुणी?"

"कुणीच. तुम्ही बघितलं नाही. मी बघितलं."

नावेखाली पाणी टपटप वाजत होतं.

"बघितलं आणि बोलला नाहीत?"

"नाही बोललो."

"मी बुडालो असतो तर?"

"बुडत नाही ती. हवेची टाकी असते आत. जड होते फक्त." त्यांनी दोर थोडा आवळला. "नाव चांगली आहे. फार चांगली. अशी मी आजवर पाहिली नाही."

भालचंद्रांनी दांडा लोटला. नेहमीसारखंच आधी सांगितलं नाही, पण संपतरावांचा दोर पहिल्यांदाच वेळेवर सुटला नाही. पुढचं शीड उलट्या बाजूने फुगलं.

"परत चला," भालचंद्र म्हणाले. बूच बघूनही का बोलला नाहीत, ते त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

*

शेरा

दुसऱ्यांदा ब भालचंद्रांनी स्वतः बांधली. संपतराव हात पाठीमागे धरून उभे. गाठ उलटी पडली.

"चुकली."

भालचंद्रांनी सोडली, परत मारली.

"मधली फळी सोबत घ्या. काठावर विसरली तर नाव आडवी वाहत जाईल, आणायला कोण नसेल."

"हं."

"बूच."

"लावतोय."

"हाताने चाचपा. डोळ्यांवर जाऊ नका."

त्यांनी चाचपलं. मग स्वतःच नाव ढकलली आणि उडी मारली. या वेळी नाव मंदावली नाही.

दुपारी ब सुमोच्या टपावर चढली. डोलकाठीचे तुकडे मागच्या दारातून आत घातले, ते थेट पुढच्या डाव्या सीटपर्यंत पोचले. घरून निघताना बायकोने, सुनीतीताईंनी, दिलेला टॉवेल भालचंद्रांनी त्यांच्या टोकाखाली नीट घडी करून ठेवला.

"मागे अडचणीत बसाल का? सोडतो मुनिरक्याला."

"नको. मला बस थेट आहे."

थेट बस नव्हती. दोघांनाही ठाऊक होतं.

"टपावरची डावीकडची दोरी ढिली आहे," संपतराव म्हणाले.

भालचंद्र गाडीतून खाली उतरले, दोरी ताणली, गाठ मारली. बरोबर मारली. "बरं मग," ते म्हणाले. संपतरावांनी मान हलवली. सुमो धरणाच्या रस्त्याला लागली.

अ काठावर तशीच होती, दोन्ही शिडं वर, वाऱ्यात फडफडत. ती आता कुणाची नव्हती, पण शीड असं फडफडत ठेवलं की कापड फाटतं. संपतरावांनी बूट काढले. मोठं शीड उतरवून गवतावर पसरलं. शिडाची घडी दोघांनी घालायची असते, एकाने एक टोक ताणून धरायचं, दुसऱ्याने दुमडत यायचं. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, एक वीट आणली, लांबच्या टोकावर ठेवली आणि या टोकाकडून दुमडायला सुरुवात केली.